नोकरांचा डबा

"द्वारके, तू तिकडे," मामी म्हणाली.

जबलपूरच्या फलाटावर मेल उभी होती. माझ्या एका हातात फिरकीचा तांब्या होता, काखेत नलूची उशी. मला वाटलं, सामान कुठे ठेवायचं ते मामी सांगतेय. म्हणून मी तिच्या मागोमाग पायरी चढायला गेले, तर तिनं दारात आडवा हात धरला.

"इथे नाही गं. तिकडे. ठकूकाकूंबरोबर."

तिनं हनुवटीनं दाखवलं तिकडे, त्याच डब्याच्या टोकाला, एक अरुंद दार होतं. दारावर इंग्रजीत लिहिलं होतं : नोकरांसाठी. आमच्या स्वयंपाकीणबाई ठकूकाकू आपलं सोवळ्याचं गाठोडं छातीशी धरून तिथून आत चढतही होत्या.

"पण मामी, माझं तिकीट..."

"आहे ना तिकीट. ठकूकाकूंच्या पदराला बांधलंय. दोघींचंही."

मी नलूकडे पाहिलं. नलू म्हणजे माझ्या मामाची एकुलती मुलगी, माझ्याच वयाची. ती आत जाऊन खिडकीशी बसली होती आणि फलाटावरच्या केळीवाल्याकडे अशी टक लावून बघत होती, की जन्मात केळी पाहिली नसावीत. मी तांब्या आणि उशी मामीच्या हातात दिली आणि तिकडे गेले.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. नलूला दाखवायला आम्ही नाशिकला निघालो होतो. मुलगा इंजिनियर होता. मामा वकील, ऐन वेळी त्यांना एका खटल्यासाठी नागपूरला जावं लागलं, म्हणून मामीच सगळी व्यवस्था बघत होती.

त्या वेळचे डबे आता राहिले नाहीत, म्हणून सांगते. आतून एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट नसायची. प्रत्येक खोलीचं दार थेट फलाटावर उघडायचं. गाडी सुटली की पुढचं स्टेशन येईपर्यंत जो जिथे असेल तो तिथेच. फर्स्ट क्लासची खोली चार माणसांची, ऐसपैस, तिला स्वतःची न्हाणी. आणि फळीपलीकडे ही नोकरांची खोली, स्टेशन आलं की मालकांना हाक मारायला बरी पडावी अशी. नोकरांना थर्ड क्लासचं भाडं पडायचं. खोली कसली, उभी कोठीच ती. समोरासमोर दोन लाकडी फळ्या, एवढीशी खिडकी, वर पंखा नाही.

"बस गं बाई," ठकूकाकू म्हणाल्या. "इंजिनाकडे पाठ करून बस, नाहीतर डोळ्यांत कोळसा जाईल."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? बाईंनी तिकिटं दिली, मी बांधून घेतली."

मी सहा वर्षांची असताना आई गेली आणि मामांनी मला उचलून जबलपूरला आणलं. तेव्हापासून ते कुणालाही सांगायचे, "मला दोन मुली आहेत." आमच्या परकरांचं कापड एकाच ठाणातलं असायचं. आम्ही एका पलंगावर झोपायचो, एका बाकावर बसायचो. त्याच वर्षी मी मॅट्रिक झाले होते आणि नलूचं दुसऱ्यांदा राहिलं होतं. मामांनी गल्लीभर पेढे वाटले. मामी तेव्हाही काही बोलली नव्हती. त्यामुळे मला वाटलं, ही फक्त काटकसर आहे. भाचीच्या तिकिटाचे पैसे वाचले तर वाचले.

पण काटकसरीचा राग येतो, तसा हा राग नव्हता. मत्सर पोटात असतो म्हणतात. माझा त्या दिवशी कानात होता. मी मधल्या फळीला कान लावून बसले. गाडीच्या खडखडाटातून पलीकडचा पंखा ऐकू यायचा. मामीचा आवाज, मग कुणा तिसऱ्याच बाईचा जाडसर आवाज, मग भांड्याचा आवाज. नलू हसली. नलूचं हसू मी हजार जणींच्या हसण्यातून ओळखलं असतं. ती कशाला हसली असेल? माझ्याशिवाय तिला हसू येतं? या विचारानं मला जी चीड आली, ती फर्स्ट क्लासच्या गादीचीही आली नव्हती.

"कान काढ तिथून," ठकूकाकू म्हणाल्या. "पलीकडे काय चाललंय ते ऐकून आपल्याला काय मिळतं?"

"तुम्हाला कधी वाटत नाही, काकू?"

"मला गं काय वाटायचं? माझं सगळं वाटून झालं."

इटारसीला मामीनं हाक मारली. "द्वारके, जेवण वाढायला ये."

मी फलाटावर उतरले. तापलेल्या फरशीवरून त्या मोठ्या दारातून आत गेले, आणि पहिली गोष्ट कोणती जाणवली तर गारवा. खोलीच्या मधोमध जस्ताच्या घंगाळात बर्फाची भलीथोरली लादी ठेवली होती आणि पंखा तिच्यावरून वारा घेत होता. इटारसीच्या मे महिन्यात, बाहेर माणसं पाण्याच्या नळावर भांडत असताना, आत थंडी होती. नलू लादीचा एक कपचा रुमालात गुंडाळून गालावर फिरवत होती. हिरव्या चामड्याच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. मामीच्या कुड्या तिच्या कानात होत्या.

ती माझ्याशी बोलली नाही. मी पुऱ्या वाढल्या, लोणचं वाढलं. तिनं पान पुढे सरकवलं, एवढंच.

समोरच्या बाकावर ती जाड आवाजाची बाई होती. पन्नाशीची, काळीसावळी, जाडी खादी, पायांत पुरुषी बूट. इंग्रजी साप्ताहिक वाचत होती.

"या डॉक्टरीणबाई," मामी मला नाही, नलूला म्हणाली, पण मी ऐकावं अशा बेतानं. "ख्रिस्ती आहेत. आढाव. तेव्हा पाण्याचा तांब्या इकडे कोपऱ्यात ठेव."

"सलोमी आढाव," त्या साप्ताहिकातून मान वर न करता म्हणाल्या. "आणि फर्स्ट क्लासच्या मी नव्हे बरं का. एका जहागीरदारणीचं अडलेलं बाळंतपण सोडवून आले, तिनं काढून दिलंय तिकीट. माझ्या पैशानं मी थर्डमध्येच असते."

गाडी सुटली. आता खंडवा येईपर्यंत मी त्याच खोलीत. मामीनं पाय पुढे केले, मी खाली बसून चेपायला लागले. तिथून मला साप्ताहिकाचं मागचं पान दिसत होतं. त्यात एक विनोद छापला होता. मी तो वाचला आणि मला हसू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी पान खाली केलं. "इंग्रजी वाचतेस?"

मी तोंड उघडणार, तोच मामी म्हणाली, "वाचतेय कसली! घरात मुली अभ्यास करतात, ऐकून ऐकून दोन अक्षरं येतात."

नलूच्या गालावरचा रुमाल थांबला. मी तिच्याकडे पाहिलं. बोल ना, मनात म्हटलं. माझ्याच वहीतली उत्तरं पाहून गणितं सोडवलीस, एवढं तरी बोल. तिनं रुमाल दुसऱ्या गालाला लावला.

खंडव्याला मला परत पाठवलं. मी कोठीत जाऊन बसते न बसते, तोच दार उघडलं. टीसी होता. भुसावळकडचा मराठी माणूस, घामानं डबडबलेला. ठकूकाकूंनी पदराची गाठ सोडली. त्यानं काकूंकडे पाहिलं, पटकन मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं आणि बघतच राहिला.

"तू काय काम करतेस?"

"वरकाम."

"हात दाखव बरं."

मी दाखवले. बोटांना शाई होती. निघायच्या आदल्याच दिवशी मी मामांचे कागद उतरवून दिले होते.

"असं का," तो म्हणाला. "ही युक्ती मी रोज पाहतो, बाई. घरच्या माणसाला नोकराच्या तिकिटावर बसवायचं. चल माझ्याबरोबर."

त्यानं मला मोठ्या दाराशी नेलं आणि आत डोकावून विचारलं, "माफ करा हं. ही मुलगी कोण तुमची?"

मामीचा चेहरा क्षणभर पडला. फलाटावर दोनचार माणसं थांबून बघत होती.

"मोलकरीण आहे," ती म्हणाली.

"नातेवाईक असेल तर सांगा. फरक भरा, पावती देतो, विषय संपला."

"सांगितलं ना! मोलकरीण. लहानपणापासून आमच्याकडे आहे."

टीसीला पटलं नाही. तो नलूकडे वळला. "ताई, तुम्ही सांगा. ही कोण?"

नलूनं दिवसभरात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. तिचे ओठ सुकले होते. एवढ्या बर्फाजवळ बसूनही सुकले होते.

"आमच्याकडे कामाला असते," ती म्हणाली.

टीसी निघून गेला. गाडीची शिट्टी झाली, म्हणून मामीनं मला घाईनं आत ओढलं आणि दार लावलं. गाडी हलली. मामी उगाचच डबे एकात एक घालत होती.

माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते मला नीट आठवतं. मी रडणार होते. नलूच्या कानातल्या त्या कुड्या ओढून काढाव्यात, इथपर्यंत विचार गेला होता. आणि मग एकदम एक साधी गोष्ट लक्षात आली. भाचीला कुठे जाता येत नाही. भाचीवर उपकार असतात. नोकराचं तसं नसतं.

"मामी," मी म्हटलं, "मी भुसावळला उतरते."

"कशाला? भुसावळला काय आहे?"

"काम सोडते."

"काय सोडतेस?"

"काम. मोलकरीण आहे ना मी? तुम्ही सांगितलंत, नलूनं सांगितलं, सरकारी माणसाला पटलं. मग मी काम सोडते."

मामी हसली, पण हसू पुरतं आलं नाही. "वेडी आहेस का? टीसीला सांगायला म्हणून म्हटलं ते! बस खाली."

मी बसले नाही. डॉक्टरीणबाईंकडे वळले. "बाई, तुम्हाला नोकर पाहिजे का?"

"नको," त्या म्हणाल्या.

असं तोंडावर उत्तर मिळेल असं मला वाटलं नव्हतं. माझे कान तापले. नलू मान खाली घालून बसली होती.

"नोकर नको मला," बाई साप्ताहिकाची घडी घालत म्हणाल्या. "माझं धुणं मी धुते. दवाखान्यात मुलगी हवी आहे, शिकायला तयार असणारी. किती शिकलीस?"

"मॅट्रिक झाले. यंदाच."

"हं. मघाशी हसलीस तेव्हाच कळलं होतं. दोन अक्षरांवर तो विनोद कळत नाही." मग त्यांनी बूट जमिनीवर नीट टेकवले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "पण ऐक. मी तुला फूस लावतेय असं उद्या कुणी म्हणायला नको. दवाखाना तापीकाठी, खेड्यात. रोज रक्त आणि घाण. आणि मी ख्रिस्ती. माझ्याकडचं पाणी प्यायलीस की हे लोक तुला घरात घेणार नाहीत. स्वयंपाकघरात तर नाहीच. नीट विचार कर. भुसावळ यायला वेळ आहे."

"ऐकलंस?" मामी म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. "बाटशील. तुझं लग्न कोण करील? मी तुझ्या मामांना काय तोंड दाखवू?"

मामांचं नाव निघाल्यावर मात्र मी डळमळले, खोटं कशाला सांगू. मामांचं माझ्यावर खरंच प्रेम होतं. गल्लीभर पेढे वाटणारा माणूस. मी बराच वेळ दाराशी उभी राहिले. बाहेरून काळ्या मातीची धूळ आत येत होती. सकाळपासून माझ्या पोटात घोटभरही पाणी नव्हतं. कोठीतलं पाणी काकूंच्या सोवळ्याचं होतं आणि इथला तांब्या मामीच्या पायाशी.

"मामांना सांगा," मी म्हटलं, "मोलकरीण काम सोडून गेली."

मग मी डॉक्टरीणबाईंपुढे हात केला. "बाई, मला पाणी द्या."

त्यांनी लगेच दिलं नाही. एकदा माझ्याकडे, एकदा मामीकडे पाहिलं. मग आपल्या सुरईतून पेला भरला आणि माझ्या हातात ठेवला. मामी "द्वारके!" असं ओरडली. मी पेला तोंडाला लावून, न थांबता, सगळं प्यायले. गार होतं.

त्यानंतर भुसावळ येईपर्यंत मामी माझ्याकडे पाठ करून बसली. तिनं आपला तांब्या पदराखाली घेतला होता.

भुसावळला मी कोठीतून माझं बोचकं घेतलं. ठकूकाकूंना सांगितलं. त्या माझा स्पर्श होऊ नये म्हणून जरा मागे सरकल्या आणि लांबूनच बोटं मोडून दृष्ट काढली. डॉक्टरीणबाई हमालाशी हुज्जत घालत होत्या. मी त्यांच्याकडे जायला निघाले, तर खिडकीतून हाक आली.

"द्वारके."

नलू होती. तिच्या मागे मामी दिसत नव्हती, न्हाणीत तोंड धुवायला गेली असावी.

"आईवर राग धरू नकोस," नलू म्हणाली. "आईनं नाही केलं ते. ती तुझंही तिकीट काढणार होती. मीच सांगितलं तिला."

"काय सांगितलंस?"

"तुला तिकडे बसव म्हणून."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. "तू?"

"सागरच्या लोकांनी मला बघायला आल्यावर काय विचारलं, आठवतं ना? 'आणि ही दुसरी कुणाची?' कुणीही येऊ दे, बघायला मला येतात आणि बोलत तुझ्याशी बसतात. बाबा घरात आले की आधी कुणाला हाक मारतात? तू पास झाल्याचे पेढे, मी नापास झालेली, आणि ते घेऊन घरोघर कुणाला पाठवलं? मला." तिनं खिडकीचा गज घट्ट धरला होता. "मला एक दिवस हवा होता, द्वारके. मला मिळालंय आणि तुला मिळालेलं नाही, असा एक दिवस."

सकाळपासून मी जिचा हेवा करत होते, ती माझ्याआधी कित्येक वर्षं तेच करत होती. एका पलंगावर, माझ्या शेजारी निजून. आणि मला पत्ता नव्हता.

"मिळाला?" मी विचारलं.

"कुठला? तू पलीकडे फळीला कान लावून बसली असशील, एवढंच दिवसभर डोक्यात." तिनं नाक पुसलं. "मुद्दाम मोठ्यानं हसले मी एकदा. ऐकलंस?"

"ऐकलं."

इंजिनानं शिट्टी दिली. नलू अजून थोडी पुढे वाकली. "आता कुठे जाणार तू?"

"तापीकाठी कुठेतरी. गावाचं नाव विचारायचंच राहिलं."

"नावही माहीत नाही?"

"नाही."

"नावही माहीत नाही," ती पुन्हा म्हणाली, हळू, स्वतःशीच. माझ्या हातातल्या बोचक्याकडे, धुळीनं भरलेल्या पायांकडे ती बघत होती. ती नजर मी लगेच ओळखली. आरशात पाहिल्यासारखी ओळखली. गाडी हलली तेव्हाही ती तशीच बघत होती.

"चल लवकर," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. "आपली गाडी पलीकडच्या फलाटावर आहे. आणि आता थर्ड क्लास हं."

दवाखान्यात लागून महिना झाला असेल, एक दिवस बाईंचं नाव विचारत विचारत मामा आले. ओट्यावर बसले. मी पाणी विचारलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि डोळे पुसले. परत चल म्हणाले नाहीत. म्हणता आलं नसतं त्यांना. मग म्हणाले, "नलूचं ठरलं. नाशिकचंच."

"चांगलं झालं."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "मुलगा सज्जन आहे." मग जरा घुटमळून, "ती विचारत होती, तू इथे दिवसभर काय करतेस."

मी सांगितलं. सुया उकळते, जखमा धुते, बाळंतिणींजवळ बसते.

"असं नको, नीट सांग," मामा म्हणाले. "उठतेस कधी, जेवतेस काय, बाहेर जाता येतं का, तुला एकटीला कुठे पाठवतात का, सगळं. तिनं सगळं विचारून यायला सांगितलंय."

म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. परवाच बाईंनी मला एकटीला बैलगाडीतून नदीपलीकडच्या गावात पाठवलं होतं, ते सांगितलं. तिथे मुलगा झाला आणि त्या लोकांनी मला डॉक्टरीणबाई म्हणून हाक मारली, तेही सांगितलं.

खरं तर मुलगी झाली होती, आणि बाई माझ्याबरोबर होत्या.

पण मामा नलूला जसंच्या तसं सांगणार होते. म्हणून मी थोडं वाढवूनच सांगितलं.